पाण्याची अक्षरं

भोरच्या चिमाजीअण्णांच्या छापखान्यात इंग्रजी खिळ्यांच्या दोन पेट्या होत्या. एक सरळ अक्षरांची, एक तिरक्या. सरळ पेटी रोजच्या वापरातली, तिचे कप्पे हात लागून लागून काळे पडलेले. तिरकी पेटी वरच्या फळीवर, फडक्याखाली झाकलेली. ती खाली काढायची तर अण्णांना विचारावं लागे, आणि अण्णा "कशाला?" असं विचारल्याशिवाय कधी हो म्हणत नसत.

मौलाली तिथला खिळे जुळवणारा. अठरा वर्षं तो उभ्यानं हेच काम करत होता. इंग्रजीचा एक शब्द त्याला कळत नव्हता, पण अक्षर ओळखावं तर त्यानंच. उलटं, आडवं, शाईनं माखलेलं, कसंही असो, बोटाला लागलं की त्याला कळायचं. सरळ अक्षरांबद्दल त्याला आदर होता. ती आपल्या बारीक नखांवर घट्ट उभी असायची, चावडीवरच्या शिपायासारखी. जीव मात्र तिरक्यांवर होता. तिरका 'एच' आपला उजवा पाय आत मुडपून घ्यायचा. तिरक्या 'के'च्या दंडाला एक लहानशी गाठ होती. तिरका 'एफ' तर फारच नखरेल. त्याची शेपटी खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबायची आणि जरा घट्ट आवळलं की तुटायची. सगळी अक्षरं उजवीकडे कललेली, अंगानं सडपातळ, एकमेकांच्या कानाशी लागलेली. त्यांना हात लावण्याआधी मौलाली बोटं चिंधीच्या बोळ्यानं पुसून घेई.

ही पेटी उघडायची ती मानाच्या कामाला. वाड्यावरच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका, कोण्या गोऱ्या पाहुण्याच्या मेजवानीचं कार्ड, नाहीतर वकिलांच्या कागदात मधेच येणारा परका शब्द. हस्तलिखितात ज्या शब्दाखाली रेघ ओढलेली असेल तो तिरक्यात जुळवायचा, हा छापखान्याचा नियम. रेघ म्हणजे तिरकं, आणि तिरकं म्हणजे मान, असं मौलालीनं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

त्याचं आणखी एक ठाम मत होतं: छापलं ते खरं. हसू नका, त्याला कारण होतं. एकदा खोऱ्यातल्या एका जत्रेच्या पत्रकात त्याच्या हातून पंचमीची षष्ठी झाली आणि अण्णांनी प्रूफ न वाचताच काम मशीनवर चढवलं. दोघांची पाचावर धारण बसली. पण झालं काय, तर रेवडीवाले आले षष्ठीला, तमाशा आला षष्ठीला, माणसं आली षष्ठीला. पंचमीला पुजारी एकटाच नारळ फोडून बसला. पुढच्या सालापासून त्या गावची जत्रा षष्ठीलाच भरते. देवानंसुद्धा छापील कागद मानला, मग माणसांची काय कथा!

तेव्हा खोऱ्याच्या तोंडाशी धरणाचं काम जोरात चाललं होतं. एकोणीसशे पंचवीस-सव्वीसची गोष्ट. कोणती गावं पाण्यात जाणार यावर चावडीचावडीवर पैजा लागत, पण पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. अशात एका दुपारी धरणाच्या कचेरीतले खांबेटे ड्राफ्ट्समन छापखान्यात आले. मोठा नकाशा करायचा होता. नकाशा हातानं काढायचा, पण नावं मात्र हातानं लिहायची नाहीत. ती बारीक टायपात पातळ कागदावर छापायची, एकेक कापायची आणि खळीनं नकाशावर डकवायची. त्यांनी इंग्रजीत लिहिलेली यादी दिली. साठ-सत्तर नावं, काहींच्या खाली शिसपेन्सिलीची रेघ.

मौलाली अक्षर अक्षर लावत यादी वाचायला लागला आणि एका नावाशी थांबला. दहा इंग्रजी अक्षरं. धामणखोप. खाली रेघ.

धामणखोप म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचं, अन्वरीचं सासर. वेल्ह्याकडच्या डोंगराच्या कुशीतलं चाळीस उंबऱ्यांचं गाव. आईबाप गेल्यावर मौलालीनंच तिचं लग्न तिथल्या मुबारकशी लावून दिलं होतं. नवरा-बायको कष्टाळू, चार बिघे भात, दोन बैल, एक म्हैस. जगात मौलालीला तिच्याशिवाय रक्ताचं दुसरं कुणी नव्हतं.

"रावसाहेब," तो फुलून म्हणाला, "ह्ये आमच्या बहिणीचं गाव. सायबांनी तिरक्यात घ्यायला सांगितलंय. लई मान केला म्हनायचा."

खांबेटे आधी हसले. मग त्याचं तोंड बघून हसायचे थांबले. तसा मनुष्य वाईट नव्हता, पण त्याला ज्ञान सांगायची भारी हौस.

"मान कसला, मौलाली? नकाशाची रीतच आहे ती. जमिनीवरचं सगळं सरळ अक्षरांत. पाण्याचं सगळं तिरक्यात. नदी, ओढा, तळं. ती बघ, नीरेखाली रेघ आहे की नाही? पाणी कलतं, वाहतं, म्हणून अक्षरही कलतं."

"पर धामणखोप गाव हाय. पानी न्हाई."

"अजून नाही," खांबेटे म्हणाले. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "जी गावं पाण्याखाली जायची, तीही तिरक्यात घ्यायचा हुकूम आहे. कुठं बोलू नकोस. अजून पक्कं व्हायचंय. साहेबांची पेन्सिल आहे, आज वर, उद्या खाली. नोटिसा निघतील तेव्हा कळेलच."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. पेन्सिल आज वर, उद्या खाली! मौलालीच्या मनात तेवढंच रुतून बसलं.

दोन दिवस त्यानं बाकीची सगळी नावं जुळवली. नीरा तिरकी जुळवली, ओढे तिरके जुळवले, धामणखोपच्या आगेमागे रेघ असलेली सात गावंही तिरकी जुळवली. त्या सात गावांत त्याचं कुणी नव्हतं, हे इथं सांगायला हवं. मग धामणखोपची पाळी आली. त्याचा हात तिरक्या पेटीवर गेला, मुडपल्या पायाचा तो 'एच' त्यानं उचलला आणि परत कप्प्यात टाकला. आतल्या खोलीत अण्णा वामकुक्षी घेत होते. मौलालीनं सरळ पेटी पुढं ओढली आणि दहा अक्षरं ताठ उभी केली. मग रबर घेतलं आणि यादीतली ती रेघ पुसली. फुंकर मारून चुरा उडवला. कागद उन्हाकडं धरून पाहिला. रेघ होती असं कुणाला वाटलं नसतं.

काम कचेरीत गेलं तेव्हा खांबेटे हिवतापानं अंथरूण धरून होते. धरणावर त्या साली घरटी एक माणूस तापानं फणफणत होता. त्यांच्या जागी दुसऱ्याच कारकुनानं नावं डकवली. त्याला धामणखोपशी काही देणंघेणं नव्हतं. जशी चिठ्ठी तशी लावली. झालं.

पुढं चार महिन्यांनी नोटीस छापायला आली. मराठीत होती, मौलालीनंच जुळवली. अमुक अमुक गावच्या रयतेस कळविण्यात येते की गावं पाण्याखाली जाणार, तरी अमुक तारखेच्या आत कचेरीत नावं नोंदवावीत, खाली कालव्याच्या अंगाला जमिनीच्या बदली जमीन मिळेल. गावांची नावं नकाशातली तिरकी अक्षरं बघूनच उतरवली होती. सात नावं. मौलालीनं ती तीनदा मोजली. सातच. तो खाली स्टुलावर बसला. त्याची बहीण वाचली होती. त्यानं वाचवली होती, दहा खिळ्यांनी!

त्याच आठवड्यात तो धामणखोपला गेला. गावात नुसती चलबिचल चाललेली. शेजारच्या गावात दवंडी पिटली होती, माणसं नावं नोंदवायला निघाली होती. धामणखोपातलेही पाच-सहा घरवाले म्हणत होते, आपणही जाऊन विचारू. गावचे वडीलधारे कुंडलिकतात्या पारावर बसले होते. त्यांनी मौलालीला जवळ बोलावलं.

"मौलाली, तुमी छापखान्यातलं मानूस. खरं काय ते सांगा. आमचं नाव हाय का कागदात?"

"न्हाई तात्या. त्यो कागद म्या सोता जुळवलाय. सात गावं हाईत. तुमचं नाव न्हाई."

"छापलेलं बघितलं का तुमी?"

"म्याच छापलंय म्हनतो न्हवं!"

तात्यांनी हात जोडून आभाळाकडं बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐकलं का रं? आता कुनी कचेरीकडं फिरकू नका. आपुन होऊन गेलो तर उगंच नाव घालतील." हे सगळ्यांना पटलं. सरकारच्या दारात आपल्या पायानं जाऊ नये, एवढी अक्कल खोऱ्यात शेंबड्या पोरालाही होती.

अन्वरीनं त्या दिवशी कोंबडी कापली. जेवताना मुबारकनं सांगितलं, यंदा घराचं आढं बदलायचं, सागाचा वासा बघून ठेवलाय. मौलाली म्हणाला, "बदल की." जेवण झाल्यावर तो हात धुवायला मागल्या दारी गेला आणि सहज वर बघितलं. घराच्या मागं डोंगराचा चढ होता. त्या चढावर, घराच्या कौलांपेक्षा पुरुषभर उंच, चुना फासलेला एक दगड पुरला होता. त्यावर अन्वरीनं मिरच्या वाळत घातल्या होत्या.

"ह्यो दगड कसला?"

"माप घेनारी मानसं आलती मागं, त्यांनी पुरला. असं लई दगड हाईत, पार वरच्या वाडीपत्तुर एका रांगंत. म्हनलं, बरा सपाट हाय, मिरच्या वाळवायला."

मौलालीनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. पांढरे दगड डोंगराच्या अंगावरनं एका पातळीत गेले होते. ओळीत जुळवलेल्या खिळ्यांची डोकी जशी एका पातळीत असतात तसे. पाणी चढायचं ते तिथवर. त्यांच्या वर रान होतं. गाव सगळं खाली होतं. मशीद खाली, देऊळ खाली, पार खाली, अन्वरीची चूल खाली.

तेव्हा बोलला असता तर सगळं सावरलं असतं. नोटिशीच्या मुदतीला बावीस दिवस होते. पण बोलायचं म्हणजे रबर कुणी फिरवलं ते सांगायचं. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही. आणि तो स्वतःला म्हणाला, पेन्सिल आज वर, उद्या खाली. साहेबानं मागाहून पाण्याची रेघ खाली घेतली असेल, नाहीतर सातच नावं कशी निघाली असती? ती सात का निघाली हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तो तसंच म्हणाला. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला साक्षीदार लागत नाही.

मुदत संपली. सात गावं गाडगी-मडकी घेऊन खाली कालव्याकडं गेली. ओस घरांची कौलं, तुळया, दारं लोकांनी काढून नेली. धामणखोपातली माणसं टेकाडावर उभी राहून त्यांच्याकडं बघत आणि चुकचुकत. मुबारकनं नवं आढं चढवलं.

मग धरणाची दारं बंद झाली.

पाणी आलं ते आरडाओरडा करत आलं नाही. आधी विहिरी चढल्या. ज्या विहिरीला वीस हात दोर लागायचा तिला बारा हात पुरायला लागला, आणि बायका म्हणाल्या, बरं झालं. मग मुंग्या अंडी तोंडात धरून डोंगराकडं निघाल्या. मग उंदीर. मग एके सकाळी अन्वरीच्या मागल्या दारातून दोन धामणी शांतपणे वर चढून गेल्या, तिच्याकडं न बघता. शेवटच्या खाचरात पाणी चमकलं तेव्हा कुंडलिकतात्यांनी बांधावर काठी रोवली आणि म्हणाले, "हितनं फुडं येत न्हाई. छापील कागदात आपलं नाव न्हाई." सकाळी काठीचं निम्मं अंग पाण्यात होतं.

मौलालीला निरोप पोचला आणि तो धावत गेला. "तात्या, निघा. सगळं वर घ्या, त्या पांढऱ्या दगडाच्या वर घ्या," असं तो दारोदार सांगत फिरला. तात्यांनी त्याला अडवलं.

"तुमीच सांगितलं न्हवं, नाव न्हाई म्हनून?"

"म्या सांगितलं. आता म्याच सांगतो, निघा."

"मग कुठला मौलाली खरा?" तात्यांनी विचारलं. चेष्टा नव्हती त्यात. म्हाताऱ्याला खरंच समजत नव्हतं.

निम्म्या लोकांनी ऐकलं, निम्म्यांनी पाणी उंबऱ्याला लागल्यावर ऐकलं. माणूस कुणी गेलं नाही, हे अल्लाचं आणि त्यांच्या देवीचं देणं. पण कणग्या भिजल्या, पेंढ्या तरंगत गेल्या, आणि अन्वरीची म्हैस नव्या पाण्याखालच्या चिखलात रुतून डोळ्यांदेखत गेली. चाळीस घरं पांढऱ्या दगडांच्या वर, करवंदीच्या जाळ्यांत, कांबळी टांगून बसली. खाली फक्त मुबारकचं नवं आढं काही दिवस पाण्यावर दिसत होतं. सागाचं होतं, टिकाऊ.

कुंडलिकतात्या आणि चार माणसं कचेरीत गेली. बोलायला म्हणून मौलालीला बरोबर घेतलं. अन्वरीही आली, मुबारकला ताप होता. खांबेटे आता बरे होऊन कामावर आले होते, गालफडं बसलेली. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला.

"बदली जमीन मिळते ती बुडीत गावांना," ते म्हणाले. "बुडीत गावं सात. धामणखोप इथं..." त्यांचं बोट थांबलं. "इथं सरळ अक्षरांत आहे. म्हणजे कोरडं."

"रावसाहेब, आमी पान्यातनं आलोय," तात्या म्हणाले. त्यांचं धोतर पोटरीपर्यंत चिखलानं भरलेलं होतं.

"दिसतंय मला. पण साहेबांपुढं नकाशा जातो, धोतर जात नाही."

खांबेट्यांनी पेटीतून ती जुनी यादी काढली. धामणखोपच्या खाली बोट फिरवलं. कागद उजेडाकडं धरला. रेघ नव्हती. मग त्यांनी हळूच मान वर करून मौलालीकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. पण ते बोलले एवढंच, "यादीतही रेघ नाही. पुराव्याशिवाय मी काय करू?"

परतीच्या वाटेवर सगळे पुढं गेले. मौलाली आणि अन्वरी मागं राहिले. ऊन कलत होतं. रस्त्याकडेच्या वडाखाली तो बसला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. रेघ, रबर, सात गावं, पांढरा दगड. बावीस दिवस होते तेही सांगितलं, लपवलं नाही. सांगताना त्याला रडू येत होतं आणि त्या रडण्याची त्याला लाजही वाटत होती.

अन्वरी ऐकत होती. तिनं पदरानं तोंड पुसलं नाही, की त्याच्या अंगावर धावून गेली नाही. मग तिनं विचारलं, "रेघ असती तर आमाला जमीन भेटली असती?"

"व्हय."

"म्हस बी वाचली असती."

"व्हय."

"तू आमाला बुडू दिलं न्हाईस, भाई," ती म्हणाली. "म्हनून आमी बुडालो." मग ती उठली. "आता बुडव. कागदावर तरी बुडव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्याबरोबर छापखान्यात आली. मौलालीनं तिरकी पेटी खाली काढली. अण्णांनी "कशाला?" म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं कशाला ते सांगितलं. अण्णा पानाचा विडा तोंडात तसाच धरून ऐकत राहिले, आणि पेटीकडं मान हलवून आतल्या खोलीत गेले. अन्वरी पेटीशी उभी राहिली. त्यानं एकेक खिळा उचलून तिला दाखवला. दोन वेळा तो मुडपल्या पायाचा 'एच', एकदा ती गाठ असलेला 'के'.

"ह्यातलं आमचं घर कुठलं?" तिनं विचारलं.

त्यानं दहा अक्षरं ओळीत लावली, शाई फिरवली, पातळ कागदावर ठसा घेतला आणि कात्रीनं कापला. बोटभर लांबीची चिठ्ठी. एवढी सुबक चिठ्ठी त्यानं अठरा वर्षांत छापली नव्हती.

कचेरीत त्यानं खांबेट्यांपुढं जबाब लिहून दिला. रेघ मी पुसली, अक्षर मी बदललं, गावाचा दोष नाही. खाली सही केली.

"तुझं काय होईल ठाऊक आहे ना?" खांबेट्यांनी विचारलं.

"व्हय, रावसाहेब."

"साहेब परवा फेरीवरून येतील. जमिनीचं ते ठरवतील, मी वचन देत नाही. कालव्याकडची चांगली जमीन तर वाटून झाली. उरली असेल ती माळरानाची." त्यांनी नकाशा पसरला, जुनी चिठ्ठी सुरीच्या टोकानं खरवडून काढली आणि नव्या चिठ्ठीला मागून खळ लावली. मग त्यांचा हात थांबला. त्यांनी चिठ्ठी मौलालीकडं सरकवली. मौलालीनं बोटं पुढं केली आणि परत मागं घेतली.

अन्वरी पुढं झाली. "कुठं लावायची?"

खांबेट्यांनी जागा दाखवली. डोंगराच्या बारीक रेघांमध्ये एक मोकळा तुकडा होता. तिनं चिठ्ठी तिथं ठेवली, नीट, कललेली अक्षरं धरणाच्या भिंतीकडं तोंड करून, आणि वर अंगठा दाबला. कागदपत्रावर उठवायचा तोच अंगठा, नखात अजून खोऱ्यातला चिखल असलेला. "झालं, सोड आता," खांबेटे म्हणाले. तिनं सोडला नाही. खळ वाळेपर्यंत ती तशीच वाकून, अंगठा दाबून उभी राहिली.